बिनआईचं दूध

तेलवडे गावात खाडीच्या काठाला एक माड आहे. कोकणात माडांना काय तोटा, पण हा लगेच ओळखू येतो. बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर एक खोलगट खूण आहे, कुणी अंगठ्यानं दाबल्यासारखी. रहमीमकाका तेलवडेकर आल्यागेल्या पाहुण्याला आधी या माडापाशी आणतात, ज्यूंचं प्रार्थनाघर, सिनेगॉग, मागाहून दाखवतात.

यंदा घरच्या लग्नासाठी त्यांची नात दिना इस्राएलहून आली होती. मुलगी फटकळ. माडाखाली उभं राहून तिनं विचारलं, "आजोबा, मटणाला दुधाचा हात लावायचा नाही, हे सगळं अजून कशाला सांभाळायचं? कोण बघतंय?" बुंध्यावर हात ठेवून काकांनी मलकाबाईची हकिगत सांगायला घेतली.

फार जुना काळ. बेने इस्राएलांचं, म्हणजे इथल्या ज्यूंच्या पूर्वजांचं, जहाज फुटून ते या किनाऱ्याला लागले, तेव्हा त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले, असं सांगतात. आठवणीत राहिलं तेवढंच त्यांनी जपलं. शनिवारी घाणा जुंपायचा नाही. खवले नसलेली मासळी चुलीवर चढवायची नाही. आणि करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवायचं नाही. धंदा तेल गाळायचा आणि शनिवार पाळायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत.

त्यातलाच एक हसाजी, आणि मलकाबाई ही त्याची बायको. तिच्या हाताला अशी चव होती की तिचं कालवण शिजलं की होड्या मुद्दाम तेलवड्याला थांबत, म्हणे. पण लग्नाला इतकी वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. दारातला हा माडही तसाच, उंच वाढलेला आणि नारळाचं नाव नाही. सासू सुनेला आणि माडाला मिळून एकच शब्द वापरायची. तो शब्द काका पाहुण्यांना सांगत नाहीत.

खाडीच्या मुखाशी किल्ला होता. त्यावरचा किल्लेदार हबशी. लहानपणी आईच्या कुशीतून ओढून जहाजावर घातलेलं पोर, ते परक्या मुलखात तलवारीच्या जोरावर किल्लेदार झालेलं. माणूस कडक. एकदा त्याच्याकडे समुद्रापलीकडचा बडा पाहुणा यायचा होता. रोषणाईसाठी तेल हवं होतं आणि वार नेमका शनिवार. हसाजी म्हणाला, "सूर्य मावळू दे, मग रातभर घाणा चालवतो." किल्लेदाराला हे खपलं नाही. त्यानं हसाजीला कोठडीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी शिपाई मलकाबाईच्या दारात एक बकरी आणि तिचं दूधपितं करडू बांधून गेला. हुकूम असा की पाहुण्याच्या मेजवानीला हे करडू याच बकरीच्या दुधात शिजवून आणायचं. आणलं तर नवरा घरी येईल. नाही आणलं तर पाहुण्याच्या जहाजावर वल्हं मारायला जाईल. तेल्यांचा हट्ट मोडायचा, एवढाच त्यात हेतू होता. वल्ह्यावर गेलेला माणूस परत आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

सासू रडून म्हणाली, "शिजव गं बाई. माझा लेक जाईल." मलकाबाईनं सुरी हातात घेतली. करडू आईच्या सडाला लुचत होतं आणि बकरी मान वळवून त्याला चाटत होती. तिनं सुरी खाली ठेवली. "आत्याबाई, हे माझ्यानं व्हायचं नाय," ती म्हणाली. नवऱ्यासाठी तिचा जीव तुटत होता, पण हात काही पुढे होईना.

दुधावाचून मेजवानी नाही आणि ते दूध तर चालत नाही. नारळाच्या दुधाचा विचार तिच्या मनात आला, पण त्या साली वादळानं किनाऱ्यावरचे सगळे माड मुंडावून टाकले होते. अख्ख्या तेलवड्यात नारळ नव्हता. तेव्हा तिनं पदर पसरून एलियाहू हन्नाबी या पैगंबराला मलिद्याचा नवस बोलला. "मला असं दूध दे," ती म्हणाली, "ज्याला आई नाय."

इतक्यात पोट भरलेलं करडू बागडत सुटलं आणि त्यानं दारच्या माडाला ढुशी मारली. ढुशी ती केवढी, कोवळ्या डोक्याची. पण ज्याला कधी फळ धरलं नव्हतं त्या माडावरून धप्प करून नारळ पडला. मग दुसरा. मग सबंध घड खाली आला. कुणी म्हणतात, झावळ्यांत वादळापासून लपून राहिले असतील. काका म्हणतात, असतील, पण पडले कधी ते बघा.

मलकाबाईनं घरचा पोसलेला बोकड आपल्या जमातीच्या काजीकडून रीतसर कापून घेतला. खोबरं खवून पाट्यावर वाटलं, घट्ट दूध काढलं, त्यात मटण शिजवलं आणि मेजवानीच्या वेळेला डोक्यावर हंडा घेऊन किल्ला चढली. मागे बकरी, बकरीमागे करडू. लपवाछपवी तिला करायचीच नव्हती.

किल्लेदारानं करडू पाहिलं आणि त्याचा हात तलवारीकडे गेला. "हे जिवंत आहे. मग हंड्यात दूध कुणाचं?"

"बिनआईचं हाय, सरकार," मलकाबाई म्हणाली. "कुठल्या लेकराच्या तोंडचं काढलेलं नाय. आईपासून पोर तोडून केलेलं जेवण माझ्या हातून व्हायचं नाय. मग तुम्ही काय वाट्टेल ते करा."

तेवढ्यात करडू भर सदरेत आईला लुचायला लागलं. किल्लेदार त्याच्याकडे बघत राहिला. त्याला आपल्या आईचा चेहरा आठवत नव्हता, असं सांगतात. मग त्यानं हात धुतले, हंड्याचं झाकण स्वतः काढलं आणि पाहुण्याच्याही आधी घास घेतला. दुसऱ्यांदा वाढून मागितलं तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

हसाजी त्याच पावली मोकळा झाला. शनिवारी शनिवार तेल्याच्या दारात किल्ल्याचा माणूस जाणार नाही, अशी दवंडी खाडीच्या दोन्ही काठांना पिटली गेली. नवराबायको वाजतगाजत उतरली, बकरी आणि करडू पुढे. पुढच्या वर्षी सासूच्या मांडीवर नातू खेळला. तेलवडेकर म्हणवणारे सगळे त्या नातवाचे.

आजही तेलवड्याच्या लग्नात पंगत बसली की मांडवात बकरी आणि तिचं करडू आणतात. करडू पोटभर पितं आणि आपण होऊन तोंड बाजूला घेतं. तोवर मटणाच्या हंड्याचं झाकण उघडत नाही, भूक कितीही लागलेली असो.

या लग्नात बकरीची दोरी दिनानं मागून घेतली. करडू निवांत पीत होतं. नवरदेवाकडचे एक पाहुणे ताटावर बोटं वाजवत म्हणाले, "झालं का हो? वाढा आता."

"थांबा," दिना म्हणाली. "अजून पितंय."