होकार देणारी छाती

दसऱ्याला मोहिमेचा नगारा वाजला, की सरदार हैबतरावांनी छाती धरलीच म्हणून समजा! यंदा तर ते भर दरबारात कण्हत आडवे झाले. महाराजांनी सगुणाबाई वैद्यांना बोलावलं.

"दुखणं खरं असेल तर सरदार घरी राहतील. निदान चुकलं, तर तुमची वैद्यकी बंद!"

सगुणाबाईंनी हसऱ्या चेहऱ्यानं सरदारांचं मनगट धरलं. नाडी शांत होती, घामाचा टिपूस नव्हता. त्यांनी बरगडी दाबली. "इथं दुखतं?"

"होय!"

"श्वास घेताना टोचतं? जेवल्यावर जळजळतं?"

"होय, होय!"

"धोंडा ठेवल्यासारखं दडपतं?"

"अगदी तस्सं!"

सगुणाबाईंनी सरदारांचा कान ओढला. "आता थांबलं?"

"होय, थांबलं की!"

"महाराज, बरगडीचं दुखणं दाबल्यावर ठणकतं, फुप्फुसाचं श्वासाला टोचतं, पित्ताचं जळजळतं, काळजाचं दडपतं. खरं दुखणं कुठंतरी 'नाही' म्हणतंच. हे सगळ्यालाच 'होय' म्हणतं. हे दरबारी दुखणं आहे."

महाराज खदखदून हसले आणि दरबाराकडे वळले. "आम्ही हे आधीच ओळखलं होतं, नाही का?"

"होय महाराज!" सगळा दरबार एका सुरात ओरडला.

सगुणाबाईंनी पदर सावरला. "महाराज, दुखणं साथीचं दिसतंय."