वारुळापाशी थांबा

रानात माणसाची पायवाटही नव्हती, तेव्हाची गोष्ट. तळ्यावर पाणी पिऊन झालं की गवा लहान जनावरांना पाठीवर घेऊन टेकडीकडे निघे. वाटेत तो फक्त पिंपळापाशी थांबे आणि उजेडातच टेकडी गाठी. एकदा मुंगूस म्हणालं, "माझ्या वारुळापाशी जरा थांबत जा, क्षणाचं तर काम." मग घोरपड, साळिंदर, खार, सगळ्यांनीच आपापल्या दारात थांबा मागितला. गव्याला नाही म्हणता येईना.

एके दिवशी मुंगूस टेकडीवरच्या आजारी बहिणीकडे निघालं. गवा दारोदार थांबत गेला. झाडी काळी पडू लागली. वारुळापाशीही तो थांबला.

"इथे कोण उतरतंय? चल ना," मुंगूस कुजबुजलं.

"तूच सांगितलं होतंस."

पायथ्याशी अंधार पडला. करवंदीच्या जाळीत बिबट्याचे डोळे चमकले. गव्याने शिंगं रोखली. बऱ्याच वेळाने बिबट्या मागे सरला.

"आज फारच उशीर झाला," मुंगूस म्हणालं.

पाठीवर शेजारीच बसलेल्या, टेकडीवर राहणाऱ्या सशिणीने पिलांना पोटाशी ओढलं. "हल्ली आम्ही रोज याच वेळेला पोचतो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुंगूस पिंपळापाशीच उतरलं आणि वारुळाकडे चालू लागलं.