एका काट्याचे शेंगदाणे

बाळांनो, नदीकाठच्या एका जंगलात एक माकड वैद्यकी करत असे. हात हलका, पण तोंड मोठे. एकदा एका खारीच्या पिल्लाच्या पायात बाभळीचा काटा खोल मोडला. माकडाने तो चिमटीत धरून अलगद काढला, पिल्लाला आईसकट रात्रभर ठेवून घेतले आणि सकाळी खारीला सांगितले, "ढोलीतले सगळे शेंगदाणे आण, मग पिल्लू घेऊन जा." खार शेंगदाणे आणायला निघाली. ते शेंगदाणे म्हणजे तिची पावसाळ्याची बेगमी. तीच गेली तर मायलेकरांनी खायचे काय?

वाटेत शेजारच्या साळुंकीने तिला अडवले. शेजारीणच ती, विचारल्याशिवाय राहते होय? "का गं, तोंड एवढंसं झालंय?" खारीने सगळे सांगितले.

"सगळे? कशाकशाचे ते विचारलंस?"

"असं कसं विचारायचं बाई? माझं लेकरू बरं केलं त्यांनी. उपकार आहेत."

"उपकार असते तर फुकट केलं असतं. दाम सांगितला, म्हणजे व्यवहार झाला. चल, मी येते. तू विचार, तो सांगेल ते मी मोठ्याने म्हणते."

माकडाच्या झाडाखाली रोग्यांची रांग होती. खार चाचरत म्हणाली, "वैद्यबुवा, एवढे कशाचे?"

"कशाचे म्हणजे? काट्याचे ओंजळभर. बाकी अंथरुणाचे, औषधाचे, रात्री राखण केली त्याचे."

साळुंकीने ते जसेच्या तसे, माकडाच्याच आवाजात, रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असे म्हटले. माकड म्हणाले, "हळू बोल. इथे रोगी आहेत."

"त्यांच्यासाठीच बोलते, दादा."

खारीला धीर आला. "अंथरूण कुठलं? लेकरू माझ्या शेपटीवर निजलं. निंबाचा पाला मीच तोडून आणला. आणि राखण म्हणता, तर जागी मी होते. तुम्ही वरच्या फांदीवर घोरत होता." साळुंकीने घोरण्याचीही नक्कल केली. रांगेतले म्हातारे कासवसुद्धा हसले.

माकड फणकारले, "पुन्हा दुखलंखुपलं की माझ्याच दारात याल."

"येईन की," खार म्हणाली, "आणि तेव्हाही विचारीन. काट्याचे ओंजळभर तुमच्या हक्काचे, ते आणून देते. पिल्लू मात्र आधी माझ्याकडे द्या."

सगळी रांग बघत होती. माकडाने पिल्लू खाली सोडले. खारीनेही शब्दाप्रमाणे ओंजळ भरून आणली.

मग सशाची पाळी आली. माकडाने त्याचा सुजलेला कान धरायला हात पुढे केला, तसा ससा मागे सरला. "आधी सांगा बुवा, कशाचे किती?"

तात्पर्य : बरे करणाऱ्याची मेहनत बुडवू नये; पण कशाचे किती, हे विचारल्याशिवाय गाठीचे सोडूही नये.