फिलूबायसाठी थांबणारं गाव

फार फार वर्षांपूर्वी, वसईकडच्या खाडीवर पूल नव्हता आणि सांदोळी गावाला डॉक्टर ठाऊक नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. ज्यांनी मला सांगितली, त्यांनीही ती ऐकलेलीच.

सांदोळीत फिलूबाय नावाची सुईण होती. गावातलं प्रत्येक मूल आधी तिच्या हातात यायचं, मग आईच्या. असं म्हणतात, की तिचा हात लागला की अडलेली बाई सुटायचीच. पण फिलूबायची स्वतःची कूस रिकामी होती. दुसरीचं बाळ पुसून, गुंडाळून देताना ती ते जरा जास्तच वेळ धरून ठेवी. बायकांना ते कळे, आणि कुणी घाई करत नसे.

रोज संध्याकाळी ख्रिस्ती देवळाची घंटा झाली की गाव क्रूसापाशी जमे. तुला देवाचा पुत्र होईल, असा निरोप घेऊन देवदूत कुमारी मरियेकडे आला, त्याची प्रार्थना होई. पुढे उभा असलेला म्हणे, "पाहा, मी प्रभूची दासी." सगळे उत्तर देत, "तुझ्या शब्दाप्रमाणे मला होवो." फिलूबायचा आवाज असा खणखणीत, की खाडीपलीकडच्या कोंबड्या दचकाव्यात. म्हणूनच एके दिवशी ती त्या ओळीला गप्प राहिली, ते साऱ्यांना कळलं. मग ती रोजच गप्प राहू लागली.

बायकांनी तिला गाठलं. "अगे, तोंडाला कुलूप का लावलंस?"

"मरिया निष्कलंक," फिलूबाय म्हणाली. "तिच्या मनात एक आणि ओठांवर दुसरं, असं कधी नव्हतं. माझं तर देवाशी रोज भांडण चालू आहे. तिचे शब्द मी खोट्या मनानं कशी बोलू?"

झालं! कुणी म्हणे हा गर्व, कुणी म्हणे अपशकुन. तक्रार म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे गेली. ते म्हणाले, "मरियेनंही आधी देवदूताला विचारलंच होतं ना, हे कसं होईल? विचारणं पाप असतं, तर ती निष्कलंक राहिली असती का? फिलूबायलाही विचारू द्या." पटलं कुणालाच नाही, पण तक्रार थांबली.

आणि केस पिकायला लागल्यावर फिलूबायला दिवस गेले! गाव आनंदानं वेडं झालं. "आता तरी बोल," बायका म्हणाल्या. "बाळ हातात आलं की बोलेन," ती म्हणाली.

तिचे दिवस भरत आले होते. खाडीला उधाण होतं. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून एक मिठागरवाला ओरडू लागला, "बायको अडलीय हो! दोन जीव जातील!"

फिलूबायचा नवरा जुजे होडीवाला. तो म्हणाला, "मी होडी काढायचा नाही. तुझ्या पोटातही जीव आहे."

फिलूबाय पाण्याशी उभी राहिली. पोटावर हात ठेवून म्हणाली, "माये, हे कसं होईल गे?" उत्तर आलं नाही. मग "तुझ्या शब्दाप्रमाणे मला होवो" म्हणाली आणि होडीत जाऊन बसली. जुजेनं वल्हं उचललं.

असं म्हणतात, की चढती भरती तिथल्या तिथे थांबली. ताटात वाढलेल्या पेजेसारखं पाणी निपचित झालं, आणि होडी पार लागल्यावरच पुन्हा चढू लागलं. पलीकडे मुलगी झाली. आई वाचली. परतताना मात्र फिलूबायच्या पोटातलं बाळ हलेनासं झालं.

का, ते कुणी सांगत नाही. मलाही सांगता येत नाही, आणि गोष्टीच्या या जागेवर माझा अजून राग आहे.

गावाला वाटलं, आता ही क्रूसापाशी पाऊल ठेवणार नाही. पण ती आली. त्या ओळीला ती अडखळे. सगळ्यांचं म्हणून झालं, की मागून तिचा एकटीचा आवाज येई. तो आता खणखणीत नव्हता. एका संध्याकाळी, जिनं तिला गर्विष्ठ म्हटलं होतं तीच बाई ओठ मिटून थांबली. मग शेजारची थांबली. हळूहळू सगळं गाव थांबू लागलं, म्हणजे फिलूबायला ते एकटीनं म्हणावं लागू नये.

सांदोळीत आजही त्या ओळीआधी सगळे थांबतात. पाहुण्यांना वाटतं, विसरले बहुतेक. कुणाचा मुलगा दूरदेशाहून परतलेला नसतो, कुणाच्या घरात पाळणा हललेला नसतो. एखादीला हुंदका येतो, शब्द फुटत नाही. तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. एखादी म्हातारी तेवढं हळूच म्हणते, "थांबा जरा, फिलूबायचं अजून व्हायचंय."

आणि सगळं गाव थांबतं.