घामाची परीक्षा

संस्थानाच्या हत्तीखान्यावर चिमणाजीपंत नवे कारभारी आले आणि आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं, "ज्याला जास्त घाम, तो माहूत पहिला. ज्याला घामच नाही, त्याला दसऱ्यानंतर नारळ!"

पंत रोज बाजेवर बसून निरखायचे. यमाजी माहूत दिवसभर ओरडून, अंकुश टोचून, हत्तीशी झोंबून ओलाचिंब होई. सटवाजी मात्र आपल्या हत्तीच्या कानामागे खाजवत काहीबाही पुटपुटे, की हत्ती आपणहून पाय उचलून देई. सटवाजीचा अंगरखा कोरडा ठणठणीत!

पंतांना राहवेना. "काय रे सांगतोस त्याच्या कानात?"

"गावगप्पा, सरकार."

"म्हणजे कामाच्या नावाने शून्य! यमाजी पहिला, तू शेवटचा."

सटवाजीने हात जोडले. "मान्य. फक्त दसऱ्याच्या मिरवणुकीत पहिल्या माहुताच्या हत्तीवर आपणच बसावं. आपल्या धाकट्या ताईसाहेबांनाही मांडीवर घ्यावं."

पंतांनी वळून पाहिलं. यमाजीच्या हत्तीने त्याचाच अंकुश हिसकून छपरावर भिरकावला होता.

दसऱ्याला पंत लेकीला घेऊन मुकाट्याने सटवाजीच्या हत्तीवर चढले. अर्ध्या वाटेत पुढे वाकून त्यांनी हळूच विचारलं, "आज काय सांगितलंस रे त्याला?"

"एवढंच, सरकार. पाठीवर पंत आहेत, त्यांना घाम फुटू देऊ नकोस."