साळुंकीचा खोकला

फार जुनी गोष्ट आहे. एका जंगलात हत्ती ज्या वाटेनं ओंडके ओढत, तिथं दिवसभर धुरळा उडायचा आणि सगळे खोकून बेजार व्हायचे. ओरड वाढली तसं सिंहानं फर्मान काढलं. वाटेवरच्या उंबरात राहणाऱ्या साळुंकीनं आपण किती वेळा खोकलो ते रोज दरबारात सांगायचं. शंभराच्या वर खोकली, तर ओंडके ओढणं बंद.

पहिल्याच दिवशी ती दीडशे वेळा खोकली.

पण सिंहाचा नवा महाल अर्धाच झाला होता. कोल्हा म्हणाला, "महाराज, हत्तींना कशाला थांबवता? साळुंकीलाच धबधब्यापाशी बसवू."

"माझी पिल्लं उंबरावर आहेत हो!" साळुंकी कळवळली.

"पिल्लांचा खोकला मोजायचा हुकूम नाही."

धबधब्यापाशी आठ दिवस ती एकदाही खोकली नाही. हवा शुद्ध झाल्याची दवंडी पिटली गेली आणि साळुंकीला सुट्टी मिळाली. तिला पोचवायला कोल्हा स्वतः आला.

उंबराच्या ढोलीत बोटभर धूळ साचली होती. दोन्ही पिल्लं चोची उघड्या टाकून निपचित पडली होती.

कोल्ह्यानं कान देऊन ऐकलं आणि तो खूश झाला. "बघ, इथलाही खोकला थांबला!"