स्वतःच्या हाताचा अर्ज

धवलगडच्या राजाने गरिबांच्या मुलांसाठी ठेव सुरू केली, पण तीन वर्षांत ती मागायला एकही माणूस आला नाही. गरिबाच्या मुलाच्या नावे खजिन्यातून दरसाल दोन होन बाजूला काढायचे आणि पुढे ते त्याच्या शिक्षणाला द्यायचे, असा बेत होता. अट एकच: अर्ज आईबापाच्या स्वतःच्या हाताचा हवा, दुसऱ्याचं एक अक्षरही चालणार नाही. आता गरिबांत लिहिता येणारा आणायचा कुठून?

खजिनदार त्रिंबकपंतांनी राजाला खुशाल सांगितलं, की राज्यात गरीबच उरला नाही, ठेव बंद करावी.

हे भिवरा बुरुडणीच्या कानावर गेलं. सुपं-टोपल्या विणून ती पोट भरायची. तिची सहा वर्षांची चिमा दिसेल त्या पाटीकडे बोट दाखवून ‘काय लिहिलंय?’ म्हणून भंडावून सोडायची, आणि भिवराला सांगता यायचं नाही. ती तडक दरबारात गेली आणि अट बदला म्हणाली.

राजा हट्टी. म्हणाला, “माझ्या हुकुमातला काना-मात्राही बदलणार नाही. न लिहिता अर्ज करून दाखव. अटीत बसला, तर तुझ्यासारख्या सगळ्यांना ठेव देईन.”

दरबारात खसखस पिकली. भिवरा खाली मान घालून आपल्या हातांकडे बघत राहिली. मग एकदम पुढे झाली, कारकुनाची दौत उचलून शाई तळहाताला चोपडली आणि कोऱ्या कागदावर पंजा उमटवला.

“घ्या महाराज. अर्ज माझ्याच हाताचा आहे आणि दुसऱ्याचं यात एक अक्षरही नाही.”

पंत उसळले. अर्जावरून धंदा आणि मिळकत कळायला हवी, म्हणाले.

“धंदा वाचा की, पंत. बोटाबोटावर बांबूने कापल्याच्या चिरा आहेत.”

राजाने कागद उजेडात धरला. काळ्या ठशात चिरा पांढऱ्या रेघांसारख्या उठल्या होत्या.

“आणि मिळकत?” त्याने विचारलं.

“तीही आहे, महाराज. मुठीत काही असतं, तर पंजा एवढा सपाट उमटला असता का?”

राजा गदगदून हसला. चिमाच्या नावे तिन्ही वर्षांचे सहा होन तिथेच जमा झाले आणि भिवराला भरजरी लुगडं मिळालं. दौत मात्र राजाने पंतांच्या हाती दिली आणि त्यांना गावोगाव गरिबांचे ठसे गोळा करायला धाडलं. महिन्याभराने पंत परतले, ते कोपरापर्यंत काळे होऊन!